अलेक्झांडर मॅक्सिमोव (१८७४–१९२८) : ऊतिविज्ञानाच्या एका प्राध्यापकाची कारकीर्द, वारसा आणि श्रेयाचा प्रश्न

सारांश

सेंट पीटर्सबर्ग येथील लष्करी वैद्यकीय अकादमीत १९०३ ते १९२२ या काळात ऊतिविज्ञानाचे प्राध्यापक असलेले अलेक्झांडर मॅक्सिमोव यांचे नाव आज प्रामुख्याने 'मूलपेशी' या संज्ञेचे जनक म्हणून घेतले जाते. प्रस्तुत निबंधात या प्रचलित समजाची चिकित्सा केली आहे. ही संज्ञा त्यांच्यापूर्वी चाळीस वर्षे वापरात होती, हे लक्षात घेता त्यांचे खरे योगदान अन्यत्र शोधावे लागते. रक्तपेशींच्या समान उगमाचा त्यांनी मांडलेला सिद्धांत, त्यामागील निरीक्षणपद्धती आणि त्यांच्या नावाने सुरू होऊन पुढे त्यांच्या नावावाचून चालू राहिलेले पाठ्यपुस्तक या तीन अंगांनी त्यांच्या वारशाचा विचार येथे केला आहे.

बीजशब्द : ऊतिविज्ञान, रक्तनिर्मिती, मूलपेशी, लष्करी वैद्यकीय अकादमी, पाठ्यपुस्तकाचा इतिहास, स्थलांतर

१. प्रस्तावना

वैद्यकाच्या इतिहासलेखनात शल्यविशारद, रोगजंतूंचा शोध लावणारे संशोधक आणि नवी औषधे सिद्ध करणारे रसायनशास्त्रज्ञ यांना स्वाभाविकपणे अग्रस्थान मिळते. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी सूक्ष्मदर्शकासमोर बसवून 'पाहावयास' शिकविणारा प्राध्यापक मात्र या इतिहासात क्वचितच आढळतो. ऊतिविज्ञान, म्हणजेच हिस्टॉलॉजी, हा विषय शरीरातील ऊतींची सूक्ष्म रचना सांगतो. तो रुग्णाच्या खाटेपासून दूर असतो आणि परीक्षा संपल्यावर बहुतेक विद्यार्थी तो विसरूनही जातात. अशा विषयाच्या अध्यापकाचा वारसा कोणत्या निकषावर मोजावा, हा प्रश्न केवळ वैद्यकाच्या इतिहासापुरता मर्यादित नाही. अध्यापन हाच ज्यांचा व्यवसाय आहे अशा सर्वांना तो लागू पडतो.

अलेक्झांडर अलेक्झांड्रोविच मॅक्सिमोव यांचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोलके आहे. गेल्या काही दशकांत मूलपेशींवरील संशोधनाला मोठी प्रसिद्धी लाभली आणि त्याबरोबर मॅक्सिमोव यांचे नावही नव्याने पुढे आले. "१९०८ साली रशियन शास्त्रज्ञ मॅक्सिमोव यांनी मूलपेशी हा शब्द प्रथम वापरला" अशा आशयाचे विधान अनेक लोकप्रिय लेखांत आढळते. या विधानातील साल आणि दावा या दोन्ही गोष्टी तपासून पाहण्याजोग्या आहेत. तथापि, केवळ एक चूक दुरुस्त करणे हा या निबंधाचा हेतू नाही. एखाद्या अध्यापकाला चुकीच्या कारणासाठी श्रेय दिले गेले, तर त्याचे खरे कार्य झाकले जाते. ते कार्य पुन्हा नजरेसमोर आणणे हे येथील उद्दिष्ट आहे.

२. अकादमी आणि घडणीचा काळ

मॅक्सिमोव यांचा जन्म १८७४ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. त्यांचे वैद्यकीय शिक्षण तेथीलच शाही लष्करी वैद्यकीय अकादमीत झाले. १७९८ मध्ये स्थापन झालेली ही संस्था सैन्यासाठी डॉक्टर तयार करण्याच्या हेतूने निर्माण झाली असली, तरी एकोणिसाव्या शतकात ती रशियातील प्रायोगिक विज्ञानाचे प्रमुख केंद्र बनली होती. शल्यविशारद पिरोगोव, शरीरक्रियाशास्त्रज्ञ सेचेनोव आणि संगीतकार म्हणूनही कीर्ती मिळविलेले रसायनशास्त्राचे प्राध्यापक बोरोदिन ही नावे याच संस्थेशी निगडित आहेत. मॅक्सिमोव तेथे शिकत असताना इव्हान पाव्हलोव हे तेथील प्राध्यापकवर्गात होते. पाव्हलोव यांना १९०४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा मॅक्सिमोव त्यांचे सहकारी झालेले होते. लष्करी शिस्तीच्या या संस्थेत प्रयोगशाळेला मिळालेली प्रतिष्ठा मॅक्सिमोव यांच्या घडणीत निर्णायक ठरली असे म्हणता येईल.

विद्यार्थिदशेतच त्यांनी यकृतातील अमायलॉइड अपकर्षावर प्रायोगिक काम केले आणि १८९६ मध्ये पदवी संपादन केली. हे काम १८९८ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झाले. त्या काळी सूक्ष्मरचनाशास्त्राची भाषा जर्मन होती आणि रशियन संशोधकाला युरोपात स्थान मिळवावयाचे असेल तर जर्मनमधून लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९०० ते १९०२ या काळात मॅक्सिमोव जर्मनीत होते. फ्रायबुर्ग येथे एर्न्स्ट झिग्लर यांच्याकडे त्यांनी विकृतिविज्ञानाचे, तर बर्लिन येथे ऑस्कर हेर्टविग यांच्याकडे गर्भविज्ञानाचे काम केले.

या दोन गुरूंचा संगम महत्त्वाचा आहे. झिग्लर यांच्या प्रयोगशाळेत प्रश्न होता तो दाहाचा : जखम झाली किंवा शरीरात बाह्य पदार्थ शिरला, तर तेथे जमणाऱ्या पेशी येतात कोठून? हेर्टविग यांच्याकडे प्रश्न होता तो गर्भाचा : एकाच आरंभापासून इतक्या भिन्न ऊती तयार होतात कशा? मॅक्सिमोव यांनी हे दोन प्रश्न एकत्र आणले. १९०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दाहामुळे होणाऱ्या संयोजी ऊतीच्या नवनिर्मितीवरील त्यांच्या विस्तृत प्रबंधात त्याचा आरंभ दिसतो. दाहस्थानी जमणाऱ्या गोल, फिरत्या पेशींना त्यांनी 'पॉलिब्लास्ट', म्हणजे अनेक रूपे धारण करू शकणाऱ्या पेशी, असे नाव दिले. प्रौढ शरीरातही काही पेशींचे भवितव्य अद्याप ठरलेले नसते, ही कल्पना येथे बीजरूपाने आढळते. पुढील वर्षी, म्हणजे १९०३ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी त्यांची अकादमीत ऊतिविज्ञान व गर्भविज्ञान या विषयांचे प्राध्यापक म्हणून नियुक्ती झाली.

३. रक्तपेशींच्या उगमाचा वाद

मॅक्सिमोव यांच्या कार्याचे मोल समजण्यासाठी त्या काळातील एका वादाचे स्वरूप लक्षात घेणे आवश्यक आहे. रक्तातील पेशी अल्पायुषी असतात आणि त्या सतत नव्याने तयार होत असल्या पाहिजेत, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्पष्ट झाले होते. त्या कोठे तयार होतात याचे उत्तर १८६८ मध्ये मिळाले. क्योनिग्जबर्ग येथील एर्न्स्ट न्यूमान आणि इटलीतील ज्युलिओ बिझोझेरो या दोघांनी हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जा हे रक्तनिर्मितीचे स्थान असल्याचे दाखवून दिले. मात्र कोणत्या पेशीपासून, हा प्रश्न शिल्लक राहिला.

पॉल एर्लिख यांनी १८७९ पासून ॲनिलीन रंगांच्या साहाय्याने रक्ताच्या पांढऱ्या पेशींचे वर्गीकरण केले. पेशीतील कण कोणता रंग घेतात यावरून त्यांनी या पेशींचे प्रकार पाडले. आजही रक्ततपासणीच्या अहवालात पांढऱ्या पेशींचे जे प्रकार छापलेले असतात, त्यांचा पाया हाच होय. या वर्गीकरणातून एर्लिख यांनी आणखी एक निष्कर्ष काढला. त्यांच्या मते कणयुक्त पेशी केवळ अस्थिमज्जेत जन्मतात, लसिकापेशी म्हणजे लिम्फोसाइट केवळ लसिकाग्रंथींत जन्मतात आणि या दोन घराण्यांचा परस्परांशी काहीही संबंध नसतो. स्वित्झर्लंडमधील ओटो नेगेली यांनी १९०० मध्ये मज्जेतील आद्यपेशीचे 'मायलोब्लास्ट' म्हणून स्वतंत्र वर्णन करून या द्वैतवादी मताला बळकटी दिली. रक्ताच्या कर्करोगाचे मज्जाजन्य आणि लसिकाजन्य असे दोन प्रकार रुग्णालयांत आढळत असत. चिकित्सकांना त्यामुळे हे मत सोयीचे वाटे.

याच्या विरुद्ध एकत्ववादी पक्ष होता. आर्टूर पापेनहाइम हे त्यातील प्रमुख. सर्व रक्तपेशींचे मूळ एकच आहे असे हा पक्ष मानी. परंतु त्याच्याकडे रुग्णालयीन पुरावा कमी होता आणि एर्लिख यांच्या नावाचा दबदबा मोठा होता. १९०८ मध्ये एर्लिख यांना मेचनिकोव यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले, ही बाब या संदर्भात ध्यानात ठेवावयास हवी.

वाद इतका दीर्घकाळ का चालला, याचे उत्तर साधनांच्या मर्यादेत आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेला ऊतीचा छेद हा मृत असतो. ऊती रसायनात बुडवून स्थिर केली जाते, तिचे पातळ काप घेतले जातात आणि ते रंगविले जातात. पाहणाऱ्याला दिसतो तो गोठलेला क्षण. 'अ' पेशीपासून 'ब' पेशी झाली असे म्हणावयाचे तर त्या दोहोंच्या मधल्या अवस्था शोधून त्या एका ओळीत लावाव्या लागतात. ही ओळ काचपट्टीवर नसते, ती निरीक्षक लावीत असतो. इतिहासाच्या अभ्यासकाला ही अडचण परिचयाची वाटेल. तारखा नसलेली कागदपत्रे हाती आली असता त्यांचा क्रम लावताना जी जोखीम असते, तीच येथेही होती. एकाच काचपट्टीवरून दोन निष्णात निरीक्षक परस्परविरुद्ध क्रम लावू शकत होते आणि तसे ते लावीतही होते.

४. १ जून १९०९ : बर्लिन येथील व्याख्यान

मॅक्सिमोव यांनी या कोंडीतून दोन मार्गांनी वाट काढण्याचा प्रयत्न केला. पहिला मार्ग गर्भाचा होता. प्रौढ शरीरात सर्व प्रकारच्या पेशी एकाच वेळी उपस्थित असतात, त्यामुळे क्रम लावणे कठीण होते. गर्भात मात्र काळ हा स्वतःच क्रम लावून देतो. अमुक दिवसाच्या गर्भात कोणत्या पेशी आहेत आणि त्यानंतरच्या दिवशी कोणत्या नव्या दिसतात, हे क्रमाने पाहता येते. सस्तन प्राण्यांच्या गर्भांचे अशा रीतीने दिवसांच्या क्रमाने परीक्षण करून रक्ताचा आणि संयोजी ऊतीचा विकास त्यांनी एका लेखमालेत मांडला. दुसरा मार्ग तंत्राचा होता. नाजूक गर्भऊतीतील पेशी परस्परांपासून न सुटता जागच्या जागी राहाव्यात म्हणून ते सेलॉइडिनमध्ये ऊती बसवून काप घेत आणि हेमाटॉक्सिलिन, इओसिन व अझूर या रंगांनी ते रंगवीत. रक्ताच्या थेंबाच्या लेपात पेशी सुट्या दिसतात आणि त्यांचे शेजारी कळत नाहीत. मॅक्सिमोव यांच्या कापांत पेशी आपल्या परिसरासह दिसत असे. ही अभिरंजनपद्धती त्यांच्या नावाने पुढे दीर्घकाळ वापरात राहिली.

या कामाच्या आधारे १ जून १९०९ रोजी बर्लिन येथील रक्तविज्ञान मंडळाच्या विशेष बैठकीत त्यांनी व्याख्यान दिले. 'फोलिया हेमाटोलॉजिका' या नियतकालिकात ते त्याच वर्षी छापले गेले. गर्भावस्थेत व जन्मोत्तर काळात सस्तन प्राण्यांच्या विविध रक्तघटकांची समान मूलपेशी म्हणजे लसिकापेशी होय, असा त्याच्या शीर्षकाचा आशय आहे. हे व्याख्यान 'प्रात्यक्षिकासह' दिलेले होते, हेही छापील मजकुरात नमूद आहे. म्हणजे केवळ मत मांडून न थांबता काचपट्ट्या समोर ठेवून श्रोत्यांना पाहावयास लावणे ही वर्गातील रीत त्यांनी विद्वानांच्या सभेतही सोडली नाही. द्वैतवादाचे माहेरघर असलेल्या शहरात, त्यांच्याच भाषेत, एका पस्तीस वर्षांच्या रशियन प्राध्यापकाने हे प्रतिपादन करावे याचे महत्त्व कमी नव्हते.

त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा असा होता की, लसिकापेशीसारखी दिसणारी, कणरहित, गोल अशी एक पेशी शरीरात सर्वत्र फिरत असते आणि ती ज्या परिसरात जाऊन पडते त्यानुसार तिच्यापासून तांबड्या पेशी, कणयुक्त पांढऱ्या पेशी किंवा अन्य घटक तयार होतात. येथे पेशीइतकेच तिच्या परिसरालाही महत्त्व दिले आहे, ही बाब पुढील काळाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. व्याख्यानाने वाद मिटला नाही. पाच वर्षांनी महायुद्ध सुरू झाले आणि जर्मन व रशियन विद्वानांमधील हा संवादच तुटला.

५. पेट्रोग्राड ते शिकागो

युद्धाच्या आरंभी, १९१४ मध्ये, सेंट पीटर्सबर्गचे पेट्रोग्राड झाले. त्याच सुमारास मॅक्सिमोव दोन नव्या कामांकडे वळले होते. पहिले काम ऊतिसंवर्धनाचे होते. अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये शरीराबाहेर जिवंत ऊती वाढविण्याचे तंत्र दाखवून दिले होते. मृत छेदाची मर्यादा ओलांडण्याची ही संधी मॅक्सिमोव यांनी ओळखली. लसिकाग्रंथीच्या ऊतीचे संवर्धन करून तीत मज्जेतील कणयुक्त पेशी निर्माण होत असल्याचे निरीक्षण त्यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केले. दुसरे काम अध्यापनाचे होते. 'ऊतिविज्ञानाची मूलतत्त्वे' हे त्यांचे रशियन पाठ्यपुस्तक १९१४–१५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि क्रांतीच्या धामधुमीतही त्याची दुसरी आवृत्ती निघाली.

१९१७ नंतरचा काळ कठीण होता. यादवी युद्ध, अन्नटंचाई आणि इंधनाचा दुष्काळ यांमुळे १९१७ ते १९२० या काळात पेट्रोग्राडची लोकसंख्या सुमारे एक तृतीयांशावर आली. ऊतिसंवर्धनासारख्या कामाला ऊब, स्वच्छता, रसायने आणि प्राणी लागतात आणि नेमक्या याच गोष्टी दुर्मिळ झाल्या होत्या. १९२० मध्ये विज्ञान अकादमीने त्यांची संवादी सदस्य म्हणून निवड केली. म्हणजे प्रतिष्ठा होती, पण काम करण्याची साधने नव्हती. १९२२ च्या हिवाळ्यात मॅक्सिमोव यांनी कुटुंबीयांसह गोठलेल्या फिनलंडच्या आखातावरून सीमा ओलांडली. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत सोव्हिएत सरकारने अनेक विचारवंतांना बोटींतून देशाबाहेर पाठविले. मॅक्सिमोव मात्र त्यापूर्वीच स्वतःहून बाहेर पडले होते.

शिकागो विद्यापीठाच्या शरीररचनाशास्त्र विभागात त्यांना प्राध्यापकपद मिळाले. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तिसऱ्या भाषेत, नव्याने उभे राहणे सोपे नसते. तरीही १९२४ मध्ये रक्तपेशी, संयोजी ऊती आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर यांच्या परस्परसंबंधांवरील त्यांचा विस्तृत आढावा 'फिजिऑलॉजिकल रिव्ह्यूज'मध्ये इंग्रजीतून प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी संवर्धित ऊतीत क्षयाच्या जंतूंचा संसर्ग घडवून पेशींची प्रतिक्रिया पाहण्याचे त्यांचे कामही प्रकाशित झाले. १९२७ मध्ये जर्मन हस्तग्रंथमालेत संयोजी ऊती व रक्तनिर्मितिकारक ऊती यांवरील त्यांचे दीर्घ प्रकरण छापले गेले. ४ डिसेंबर १९२८ रोजी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, शिकागो येथे त्यांचे निधन झाले.

६. पाठ्यपुस्तकाचे उत्तरायुष्य

मृत्युसमयी मॅक्सिमोव यांच्या हाती इंग्रजी पाठ्यपुस्तकाचे अपुरे हस्तलिखित होते. त्यांचे शिकागोतील तरुण सहकारी विल्यम ब्लूम यांनी ते पूर्ण केले आणि 'अ टेक्स्टबुक ऑफ हिस्टॉलॉजी' १९३० मध्ये मॅक्सिमोव यांच्या नावाने प्रसिद्ध झाले. पुढील आवृत्त्यांत 'मॅक्सिमोव आणि ब्लूम' अशी जोडी रूढ झाली. १९५७ ची सातवी आवृत्ती याच नावांनी निघाली. १९६२ च्या आठव्या आवृत्तीपासून मुखपृष्ठावर 'ब्लूम आणि फॉसेट' ही नावे आली. डॉन फॉसेट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या छायाचित्रांनी पुस्तकाला नवे रूप दिले आणि १९९४ मध्ये त्याची बारावी आवृत्ती प्रसिद्ध झाली. भारतातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतही हा ग्रंथ 'ब्लूम अँड फॉसेट' या नावानेच परिचित आहे.

यात कोणाचा अन्याय झाला असे म्हणता येणार नाही. पाठ्यपुस्तक हा जिवंत ग्रंथ असतो. ज्ञान बदलले की त्याचा मजकूर बदलावाच लागतो आणि ज्याने मजकूर बदलला त्याचे नाव मुखपृष्ठावर येणे न्याय्यच आहे. परंतु यातून अध्यापकाच्या वारशाचे एक वैशिष्ट्य दिसून येते. संशोधनपर लेख जेथे छापला गेला तेथेच राहतो आणि त्यावरील नाव बदलत नाही. पाठ्यपुस्तक मात्र टिकण्यासाठी आपल्या मूळ कर्त्याला हळूहळू मागे सोडते.

मायदेशातही असाच प्रकार घडला. मॅक्सिमोव यांचे अध्यासन अलेक्सेई झवार्झिन यांच्याकडे गेले. पुढे मॅक्सिमोव यांच्याच परंपरेत वाढलेले आणि ऊतिसंवर्धनाचे तंत्र पुढे नेणारे निकोलाय ख्लोपिन त्या विभागाचे प्रमुख झाले. विभाग, विषय आणि पद्धती टिकून राहिल्या. एका अध्यापकाच्या जाण्याने संस्था मोडली नाही, हेही त्या अध्यापकाने केलेल्या कामाचेच एक प्रमाण मानावे लागेल.

७. सिद्धांताची परीक्षा : काय टिकले, काय चुकले

मॅक्सिमोव यांच्या निधनानंतर सुमारे तीन दशके एकत्ववाद आणि द्वैतवाद यांचा निर्णय लागला नाही. निर्णय लागला तो अणुयुगातील प्रयोगांनी. टोरांटो येथील जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्कुलॉक यांनी उंदरांना किरणोत्साराची घातक मात्रा देऊन त्यांची मज्जा निकामी केली आणि मग त्यांना निरोगी उंदराची मज्जा टोचली. सुमारे दहा दिवसांनी त्या उंदरांच्या प्लीहेवर लहान गाठी दिसल्या. अनेक गाठींत तांबड्या पेशी, कणयुक्त पेशी आणि बिंबाणू तयार करणाऱ्या पेशी एकत्र आढळल्या. हे काम १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. १९६३ मध्ये अँड्र्यू बेकर यांच्यासह त्यांनी गुणसूत्रांवरील खुणांच्या आधारे प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढते हे सिद्ध केले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात लसिकापेशींचे मूळही याच समान पेशीपर्यंत पोहोचत असल्याचा पुरावा मिळाला. एर्लिख यांनी विभक्त केलेली दोन घराणी पुन्हा एका मूळपुरुषाखाली आली.

याचा अर्थ मॅक्सिमोव सर्वस्वी बरोबर होते असा नाही. रक्तात फिरणारी सामान्य लसिकापेशी हीच मूलपेशी, हे त्यांचे मत टिकले नाही. खरी मूलपेशी अत्यंत विरळ असते आणि केवळ दिसण्यावरून ती ओळखता येत नाही. मात्र सूक्ष्मदर्शकाखाली ती लसिकापेशीसारखीच दिसते, हे नंतरच्या संशोधनाने दाखविले. मॅक्सिमोव यांची चूक ही त्यांच्या साधनाची मर्यादा होती. लसिकापेशी ही विकासाच्या टोकाची, निष्क्रिय पेशी आहे या त्या काळातील समजाला त्यांनी केलेला विरोध मात्र योग्य ठरला. पीटर नॉवेल यांनी १९६० मध्ये संवर्धित लसिकापेशी उद्दीपित होऊन पुन्हा विभाजन पावतात हे दाखवून दिले. त्याचप्रमाणे पेशीचे भवितव्य तिचा परिसर घडवितो या त्यांच्या आग्रहाला मॉस्को येथील अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन यांच्या अस्थिमज्जेच्या आधारऊतीवरील कामातून १९६० व १९७० च्या दशकांत नवा आशय प्राप्त झाला.

या सिद्धांताचे व्यावहारिक फलित म्हणजे अस्थिमज्जारोपण. एका निरोगी दात्याची मज्जा रुग्णाचे संपूर्ण रक्त नव्याने उभे करू शकते, कारण त्या मज्जेत सर्वांचे मूळ असलेली पेशी असते. डॉनल थॉमस यांना याच कार्यासाठी १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. महाराष्ट्रात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ मध्ये हे उपचार प्रथम यशस्वी झाले.

८. शब्दाचे श्रेय

आता आरंभीच्या विधानाकडे वळता येईल. 'श्टामत्सेले', म्हणजे मूलपेशी, हा जर्मन शब्द एर्न्स्ट हेकेल यांनी १८६८ मध्ये वापरला होता. त्यांना त्यातून सर्व बहुपेशीय जीवांचा एकपेशीय पूर्वज अभिप्रेत होता. १८७७ मध्ये त्यांनीच तो फलित अंड्यासाठीही वापरला. १८९२ च्या सुमारास थिओडोर बोव्हेरी आणि व्हॅलेंटिन हेकर यांनी जननपेशींच्या परंपरेसंदर्भात, तर १८९६ मध्ये पापेनहाइम यांनी तांबड्या व पांढऱ्या रक्तपेशींच्या समान पूर्वजासाठी हा शब्द योजला. मॅक्सिमोव यांनी तो वापरला तेव्हा तो त्यांच्या श्रोत्यांना परिचित होता. शिवाय ते सुप्रसिद्ध व्याख्यान १९०८ चे नसून १९०९ चे आहे.

मग हे श्रेय त्यांच्याकडे का आले? प्रस्तुत लेखकाच्या मते याचे कारण आपल्या इतिहासविषयक सवयीत आहे. प्रत्येक संकल्पनेला एक जनक आणि एक जन्मतारीख असावी, असा आपला आग्रह असतो. 'प्रथम कोणी' या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देता येते. एखाद्याने वीस वर्षे काचपट्ट्या तयार करून एका प्रश्नाला आकार दिला, हे मात्र एका ओळीत मावत नाही. परिणामी ज्यावर मॅक्सिमोव यांचा हक्क नाही ते त्यांना दिले गेले आणि जे त्यांचे होते ते विस्मरणात गेले.

या विस्मरणाला आजच्या काळातही किंमत आहे. मराठी वृत्तपत्रांतून मूलपेशी हा शब्द आता सर्वपरिचित आहे आणि त्याच्या आधारे अनेक असाध्य रोगांवर उपचारांचे आश्वासनही दिले जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्तविकारांतील मूलपेशीरोपण वगळता अन्य उपचार प्रायोगिक अवस्थेत असल्याचे स्पष्ट केले. म्हणजे ज्या एका क्षेत्रात हा शब्द उपचार म्हणून मान्यतेला उतरला, ते क्षेत्र रक्ताचेच होते. त्यामागे एका शतकाचा संयमी वाद आणि परीक्षण उभे आहे. शब्द तेवढा उचलला आणि त्यामागील परीक्षण सोडून दिले, तर त्याची केवळ जाहिरात होते.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, मॅक्सिमोव हे 'मूलपेशी' या संज्ञेचे जनक नव्हेत. रक्तपेशींच्या समान उगमाच्या सिद्धांताला सर्वांत पद्धतशीर ऊतिवैज्ञानिक आधार देणारे संशोधक असेच त्यांचे वर्णन उचित ठरेल. दोन, त्यांच्या सिद्धांतातील तपशील चुकले तरी प्रश्नाची मांडणी टिकली आणि नव्या साधनांनी त्याच प्रश्नाचे उत्तर दिले. तीन, त्यांच्या संशोधनाचा आणि अध्यापनाचा स्रोत एकच होता. काचपट्टी दाखवून समजावून सांगण्याची वर्गातील गरज त्यांच्या व्याख्यानात, अभिरंजनपद्धतीत आणि पाठ्यपुस्तकात सारखीच दिसते. चार, त्यांच्या वारशाचा सर्वांत दूरवर पोहोचलेला भाग, म्हणजे पाठ्यपुस्तक, त्यांच्या नावावाचून पुढे गेला.

अध्यापनाचे तास आणि संशोधनाचे गुण यांची वेगवेगळी मोजदाद करण्याची पद्धत आज विद्यापीठीय व्यवस्थेत रुळली आहे. पाठ्यपुस्तक लिहिणे हे त्या मोजणीत सहसा दुय्यम ठरते. मॅक्सिमोव यांचे उदाहरण या विभागणीवर पुनर्विचार करावयास लावते. युद्ध, क्रांती आणि स्थलांतर यांतून जाताना एक प्रयोगशाळा त्यांना मागे सोडावी लागली, दुसरी नव्या भाषेत उभारावी लागली. दोन्ही ठिकाणी विद्यार्थ्यांसाठी पुस्तक लिहिण्याचे काम त्यांनी चालू ठेवले आणि शेवटचे पुस्तक एका तरुण सहकाऱ्याच्या हाती अपुरे राहिले. ते पुस्तक वाचून डॉक्टर झालेल्या कित्येक पिढ्यांना त्यांचे नाव ठाऊक नसेल. अध्यापकाच्या कार्याचे मूल्यमापन करताना या अनामिक वाचकवर्गाचीही दखल घेतली जावी, एवढेच या निबंधातून सुचवावयाचे आहे.